ऱ्हाइनच्या पाण्यात उतरण्यापूर्वी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात गेलेली आपली मुले उन्हाळ्यात घरी फोटो पाठवतात. माझ्या भाच्यानेही जर्मनीतील कोलोन शहराहून एक पाठवला. ऱ्हाइन नदीचा वाळूचा काठ, ऊन, आणि गुडघाभर पाण्यात हसत उभी असलेली चार मुले. "अगदी आपल्या फ्लिक-आं-फ्लाकसारखेच आहे की!" असे माझी ताई म्हणाली. मला नेमके तेच वाक्य बोचले आणि म्हणून आज हा लेख.

आपण बेटावरची माणसे. पाण्याची भीती आपल्याला नाही, असे आपण समजतो. खरे पाहता आपल्याला सवय आहे ती लगूनची. बाहेर पोवळ्यांचा बांध लाटा अडवतो आणि आत पाणी परातीतल्यासारखे उभे असते. जेथे तो बांध नाही, त्या सुयाकच्या ग्री-ग्री किनाऱ्यावर पोहायला कोणी शहाणा माणूस उतरत नाही. ऱ्हाइन ही ग्री-ग्रीच समजावी. फरक एवढाच की ग्री-ग्रीचा समुद्र गर्जना करून सावध करतो, ही नदी गप्प राहते.

नद्यांचा म्हणावा तर आपला अनुभवही तोकडा. आपली सर्वांत लांब ग्रांद रिव्हिएर सुद-एस्त चाळीस किलोमीटरही भरत नाही. ऱ्हाइन सुमारे १,२३० किलोमीटर वाहते. कोलोनपाशी तिच्यातून दर सेकंदाला सरासरी २,००० घनमीटरच्या आसपास पाणी जाते. प्रवाहाचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या जवळपास, काही ठिकाणी आणि पाणी चढले की त्याहून जास्त. साधा पोहणारा सेकंदाला एक मीटरही कष्टानेच कापतो. म्हणजे प्रवाहाविरुद्ध हात मारणारा माणूस पुढे जातच नाही, तो मागे मागे वाहत जातो आणि दमतो.

खोलीविषयी तर फारच गैरसमज आहे. वर्तमानपत्रात पाण्याची जी पातळी छापतात, ती नदीची खोली नव्हे. काठावरच्या मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो. कोलोनच्या मोजपट्टीवर १९२६ आणि १९९५ साली १०.६९ मीटर पाणी चढले होते, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये ते ०.६९ मीटरवर आले. तेव्हाही मधल्या जहाजमार्गात मालवाहू बोटी कमी माल घेऊन चालतच होत्या. लोरेलाय या प्रसिद्ध कड्याखाली तर पात्र अरुंद होऊन पाणी वीस मीटरहून खोल जाते.

उलट पाणी ओसरले की धोका वाढतो, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. वाळू उघडी पडते आणि माणसे चालत चालत आत जातात. प्रवाह मध्यभागी राहावा म्हणून काठापासून आडवे दगडी बांध घातलेले आहेत. दोन बांधांमधले पाणी तळ्यासारखे निवांत दिसते, पण बांधाच्या टोकाशी भोवरे असतात आणि तळ एकाएकी खोल जातो. आपले कोकणातले पूर्वज डोह, भोवरा, ओढ हे शब्द तोंडी घेऊनच या बेटावर आले. आज आपल्या घरातील किती मुलांना 'ओढ' या शब्दाचा पाण्याशी संबंध ठाऊक आहे?

आणि जहाजे. शंभर मीटरहून लांब बोट जवळून जाताना काठाचे पाणी आधी आत खेचले जाते. घोटाभर पाण्यातल्या मुलाला वाटते, ओहोटी आली. मग तेच पाणी लाट होऊन परत येते. घोटाभर पाण्यात उभे राहणारेही असेच वाहून जाऊ शकतात. जून २०२१ मध्ये ड्युइसबर्ग येथे तीन अल्पवयीन मुली या नदीत बुडून गेल्या.

२०२५ च्या उन्हाळ्यात ड्युसेलडॉर्फ शहराने ऱ्हाइनमध्ये पोहण्यास बंदी घातली. दंड १,००० युरोपर्यंत. यावर ओरड झाली, की स्वित्झर्लंडमध्ये बाझलला तर लोक हीच नदी मजेत पोहतात! ते खरे आहे. पण तेथे एका काठालगतचा पट्टा पोहणाऱ्यांसाठी ठरलेला आहे, कपडे माशाच्या आकाराच्या बंद पिशवीत ठेवून लोक प्रवाहाबरोबर जातात आणि बंदर लागण्याआधीच्या पुलापर्यंत बाहेर पडतात. खाली ड्युसेलडॉर्फला नदी म्हणजे मालवाहतुकीचा राजरस्ता. मोटारींच्या हमरस्त्यावर मुलांना खेळू देत नाही, त्याला कोणी स्वातंत्र्यावरचा घाला म्हणत नाही. माझ्या मते बंदी योग्यच, थोडी उशिरा आली एवढेच.

तरी बंदीने पोहणे येत नाही. डी.एल.आर.जी. ही जर्मन जीवरक्षक संस्था १९१३ साली स्थापन झाली, आदल्या वर्षी बिन्झ येथील समुद्रातला धक्का कोसळून माणसे बुडाली त्यानंतर. तिच्या नोंदीप्रमाणे २०२४ साली जर्मनीत किमान ४११ माणसे बुडून मेली, बहुतेक नद्या-तलावांत. तेथे पंचवीस मीटर पोहणाऱ्या मुलाला समुद्रीघोड्याचा बिल्ला देतात, पण त्याला पोहता येते असे ही संस्था मानत नाही. त्यासाठी कांस्य बिल्ला हवा, म्हणजे पंधरा मिनिटांत निदान दोनशे मीटर.

आपल्याकडे किती जणांना हे जमेल? चहूकडे समुद्र असून आपल्या घरातील पुष्कळ बायका गणपती विसर्जनाला कमरेच्या पुढे जात नाहीत, कारण त्यांना कोणी शिकवलेच नाही. मुलामुलींना परदेशी पाठवताना आपण गरम कपडे, लोणचे, मसाले बांधून देतो. त्याआधी त्यांना तलावावर नेऊन दोनशे मीटर पोहून दाखवायला सांगावे.

भाच्याला मी फोन केला. प्रवाहात सापडलास तर उलट पोहू नकोस, पाण्याबरोबर तिरका काठाकडे ये, दुसरा बुडताना दिसला तर उडी न घेता ११२ ला फोन कर आणि तरंगणारे काही फेक, असे सांगितले. तो म्हणाला, "मामा, आम्ही फक्त पाय भिजवत होतो." मी त्याला बोटीच्या लाटेची गोष्ट सांगितली. पुढचा फोटो तलावावरचा आला.