ट्यूब पेटली!

आपल्या होस्टेलवर एखाद्याला जोक उशिरा कळला की सगळे ओरडतात, "पेटली रे याची ट्यूब!" माझी ट्यूब दिवाळीच्या सुट्टीत पेटली. पण त्याला कारण जोक नव्हता.

दादा-वहिनीच्या लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून तपासण्या चालू होत्या. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, 'बायलॅटरल ट्यूबल ब्लॉक'. दादाने कागद माझ्या हातात दिला. "तू इंजिनिअर होतोयस ना? सांग काय ते." मी मेकॅनिकलवाला! ट्यूब म्हटलं की मला बॉयलर आठवतो, नाहीतर सायकल. पुढे डॉक्टरांनी टीबीची तपासणी सांगितली तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "ट्यूब आणि ट्यूबरक्युलोसिस, शब्द एकच. म्हणजे हा नळीचाच आजार." सगळ्यांना पटलं. आत्या तर म्हणाली, "तरी मी म्हणतच होते, हिच्यातच दोष आहे." वहिनी काही न बोलता आत गेली.

सुट्टी संपल्यावर लायब्ररीत डिक्शनरी उघडली आणि कळलं, मी साफ चुकलो होतो. लॅटिनमध्ये 'टूबस' म्हणजे नळी. पण 'ट्यूबर' म्हणजे गाठ, फुगवटा. बटाट्याला ट्यूबर म्हणतात तो हाच शब्द, आणि क्षयात फुप्फुसात बारीक गाठी होतात म्हणून ट्यूबरक्युलोसिस. शब्दांचं नातं नाही, रोगाचं मात्र असू शकतं. क्षयाचा संसर्ग गर्भनलिकेपर्यंत गेला तर ती बंद होऊ शकते. डॉक्टरांनी तपासणी सांगितली ती म्हणून, माझ्या व्युत्पत्तीमुळे नव्हे!

मग नादच लागला. 'टूबस'चाच भाऊबंद 'टूबा'. हे रोमन सैन्याचं सरळ, लांब, तोंडाशी फुलत जाणारं रणवाद्य, आपल्या कर्ण्यासारखं. इटालियन शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्पिओ याने 1561 सालच्या पुस्तकात गर्भाशयापासून निघणाऱ्या या नळीचं वर्णन केलं. गर्भाशयापाशी अरुंद आणि दुसऱ्या टोकाला फुललेली, म्हणून त्याने तिला कर्णा म्हटलं. इंग्रजीने त्याची 'ट्यूब' केली आणि वाद्य हरवलं. कानाच्या पोकळीपासून घशापर्यंत जाणारी नळी, तीही लॅटिनमध्ये टूबाच. घाटात एस.टी. चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते तिच्यामुळे.

प्राणिशास्त्रातही तेच. मासे पाळणारे दुकानातून लाल, दोऱ्यासारखे किडे आणतात ते ट्यूबिफेक्स, म्हणजे 'नळी बनवणारा'. तो गाळात नळी करून तोंड खाली, शेपूट वर असा राहतो. आफ्रिकेतल्या आर्डवार्कच्या गणाचं नाव ट्यूब्युलिडेंटाटा, 'नळ्यांच्या दातांचा'. त्याच्या दातावर इनॅमल नसतं, प्रत्येक दात म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. आम्ही शेल अँड ट्यूब हीट एक्स्चेंजरचा छेद काढतो ना, तोच डोळ्यासमोर आणा! हे नाव मी पाठ केलं नाही, तरी आता जन्मात विसरणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मराठी माध्यमात आपण परीक्षानळी, श्वासनलिका, अन्ननलिका शिकलो. शब्दातच अर्थ दिसायचा. इंग्रजीत आल्यावर आपण शब्द गिळायला लागलो. पाठ करून मार्क मिळतात, पण घरात कागद हातात आला की आपण गप्प बसतो, किंवा माझ्यासारखं ठोकून देतो. दुसरं जास्त वाईट. सर-मॅडमना विनंती, नवा शब्द आला की फळ्यावर एकदा त्याची फोड करून दाखवा. दोन मिनिटं लागतात. आणि मित्रांनो, फोड केली तरी डिक्शनरीत ताडून पाहा. आवाज सारखा म्हणजे मूळ एक, असं नसतं. मी शिकलो ते घरच्यांसमोर तोंडघशी पडून.

त्या रात्री घरी फोन केला आणि आधी चूक कबूल केली. मग वहिनीला सांगितलं की 1978 साली इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तिच्या आईच्याही नळ्या बंदच होत्या. आमच्या भाषेत, बंद लाइनला बायपास दिला. वहिनी जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे भावोजी, वाट बंद आहे. माझ्यात खोट आहे असं नाही ना?"

"नाही वहिनी," मी म्हणालो, "आणि हे आत्यालाही मीच सांगणार आहे."

ट्यूब उशिरा पेटली खरी, पण पेटली.