आंदळकर की माने? आधी आखाडा कुणाचा ते विचारा



मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची माणसे गावी आली की रात्री जेवणे उरकल्यावर ओटीवर एक वाद हमखास रंगतो. म्हातारी मंडळी म्हणतात, "आमच्या काळी होते ते खरे पैलवान." पोरे म्हणतात, "आजच्यासमोर ते दोन मिनिटे टिकले नसते." मग कुणीतरी दोन नावे पुढे टाकतो. हे दोघे भर उमेदीत समोरासमोर उभे राहिले असते तर कोण जिंकला असता? वाद मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि निकाल न लागताच सगळे झोपी जातात. या आठवड्यात आम्ही तो निकाल लावायचा प्रयत्न करणार आहोत.

आमच्या रत्नागिरीकडे माती तांबडी असली तरी तालमी थोड्या. पण आंबा घाट चढून वर गेले की कोल्हापूर लागते, आणि तिथल्या कुस्तीची कीर्ती खाली आमच्यापर्यंत उतरत आली आहे. म्हणून नावेही तिकडचीच घेऊ. एक गणपतराव आंदळकर, १९६० चे हिंदकेसरी. दुसरे मारुती माने, १९६४ चे हिंदकेसरी. आंदळकर पुनवतचे, माने कवठे पिराणचे. दोन्ही गावे सांगली जिल्ह्यातली, दोघेही वजनदार गटातले. माने २०१० साली गेले, आंदळकर २०१८ साली.

आता १९६२ सालच्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धा पाहा. माने ९७ किलोपर्यंतच्या गटात होते, आंदळकर त्याच्या वरच्या गटात. फ्रीस्टाईल कुस्तीत मान्यांना सुवर्ण आणि आंदळकरांना रौप्य मिळाले. ग्रीको-रोमन कुस्तीत बरोबर उलटे झाले. आंदळकरांना सुवर्ण, मान्यांना रौप्य. एकाच स्पर्धेत दोघांनी एक सोने आणि एक चांदी घरी आणली, पण गट वेगळे असल्यामुळे तिथे त्यांची आपसात गाठ पडली नाही.

हा योगायोग नीट समजून घ्यावा. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड घालता येत नाही आणि डावात पायही वापरता येत नाही. सगळा खेळ छाती, खांदे, मान आणि मनगटाचा. फ्रीस्टाईलमध्ये पट काढता येतो, पाय अडकवता येतो. तिथे चपळाई कामाला येते. या पदकांवरून भाकीत करायचे तर आम्ही असे म्हणू. ग्रीको-रोमनमध्ये आंदळकर. मॅटवरच्या फ्रीस्टाईलमध्ये गुणांवर माने. आणि आपल्या तांबड्या मातीत? मातीतल्या जुन्या कुस्तीला गुण नसत, घड्याळही नसे. पाठ टेकली की निकाल. भुसभुशीत मातीत पाय रुततात आणि चपळ माणसाचीही चाल मंदावते. वरचे वजन मात्र वजनच राहते. म्हणून मातीत आम्ही आंदळकरांच्या बाजूने, पण खूप उशिरा, अर्ध्या तासाच्या खडाखडीनंतर. मानेप्रेमींनी रागावू नये. पत्र जरूर लिहावे.

म्हणजे पैलवान तेच, आणि नियम बदलला की निकाल बदलला. मग नियम ठरवतो कोण?

अमेरिकेत असाच एक वाद यंत्राकडून सोडवून घेण्याचा घाट घातला गेला होता. मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने १९६७ साली मुष्टियुद्धाच्या जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरली आणि त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवर ऐकवल्या. त्यात महंमद अली हरला. कुणाकडून? जिम जेफ्रीजकडून. अलीने दहा लाख डॉलर्सचा दावा ठोकला. अखेर तडजोड झाली आणि अलीने रॉकी मार्सियानोबरोबरच्या काल्पनिक लढतीच्या चित्रपटात काम करायचे कबूल केले. मार्सियानो म्हणजे ४९ लढती खेळून एकही न हरता १९५६ साली निवृत्त झालेला विजेता. १९६९ साली दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीच्या फेऱ्या खेळल्या. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप घातला. शेवट कसा आहे हे दोघांनाही माहीत नव्हते, कारण वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले होते. चित्रीकरणानंतर थोड्याच आठवड्यांत, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान अपघातात गेला. निकाल त्याला कळलाच नाही.

जानेवारी १९७० मध्ये चित्रपट लागला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला आडवे केलेले पाहिले. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला. एकच यंत्र, एकच लढत, निकाल दोन! आम्ही कारकून माणूस, खतावणीची सवय. वहीत जे मांडाल तेच ताळेबंदात येते. गिऱ्हाईक बघून ताळेबंद बदलत असेल तर दोष वहीचा नसतो, लिहिणाऱ्या हाताचा असतो.

आणि अली या लुटुपुटीला तयार का झाला, तेही पाहा. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने १९६७ साली नकार दिला. त्याचे विजेतेपद काढून घेतले, परवाना काढून घेतला. ऑक्टोबर १९७० पर्यंत, साडेतीन वर्षे, भर उमेदीत त्याला एकही खरी लढत मिळाली नाही. खरा आखाडा बंद होता म्हणून तो कल्पनेतल्या आखाड्यात उतरला. पुढे १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, पण गेलेली वर्षे कुठल्याच न्यायालयाला परत देता आली नाहीत.

आता यंत्राने अलीच्या वर बसवलेला तो जेफ्रीज कोण? गेल्या शतकाच्या सुरुवातीचा गोरा विजेता. विजेतेपद हातात असताना त्याने काळ्या माणसाला आव्हानाची संधीच दिली नाही आणि 'अजिंक्य' म्हणून निवृत्त झाला. जॅक जॉन्सन दारात ताटकळत राहिला. १९०८ साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॉन्सन पहिला काळा हेवीवेट विजेता झाला, तेव्हा गोऱ्यांनी जेफ्रीजला आग्रह करून परत आणले. ४ जुलै १९१० रोजी रेनो गावी जॉन्सनने पंधराव्या फेरीत त्याला लोळवले. लोक आजही म्हणतात, जेफ्रीज तरुण असता तर? अहो, तो तरुण होता तेव्हा दार कुणी लावून घेतले होते?

आपल्याकडचा दाखला याहून जवळचा आहे. चर्मकार समाजातले पाळवणकर बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधी दिले गेले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. बाळू कर्णधार असते तर? हाही प्रश्न कल्पनेतच राहिला, आणि तो का राहिला हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

तेव्हा अली आणि मार्सियानो, कोण जिंकला असता? आमचे मत अलीच्या बाजूने आहे. उंची त्याची, हाताची लांबी त्याची, पायांचा वेगही त्याचा. मार्सियानोला ठोसा मारायला जवळ यावे लागले असते आणि अलीने त्याला सहज जवळ येऊ दिले नसते. गुणांवर अली. पण हे मत ओटीवरच्या गप्पांपुरते.

खरी गोष्ट वस्तीतली आहे. शाळेतून तालुका स्पर्धेचे पत्रक येते, फॉर्म भरायची मुदत असते, जन्मतारखेचा दाखला लागतो, बूट लागतात, एस.टी.चे भाडे लागते. त्यातले एक जरी राहून गेले तरी एक मुलगा किंवा एक मुलगी आखाड्याच्या बाहेर राहते. हरलेल्या पोराला निदान आपण कुठे कमी पडलो ते कळते. न उतरलेल्या पोराला ते जन्मभर कळत नाही. वीस वर्षांनी ते ओटीवर बसून म्हणते, मी खेळलो असतो तर. वस्तीतल्या मंडळांनी यंदा एवढे एकच काम हाती घ्यावे. शाळा सुरू होताच आपापल्या मुलामुलींची कागदपत्रे तपासावीत आणि भाड्याची वर्गणी आधीच काढून ठेवावी. मुले खेळू द्यात, हरू द्यात, जिंकू द्यात. निकाल काहीही लागो, तो खऱ्या मैदानावर लागलेला असेल.