भूगोलाची पदवी : नकाशे वाढले, वाचणारे कमी

नवी दिल्ली : बारावीनंतर भूगोल घेणाऱ्या विद्यार्थ्याला नात्यागोत्यात ठरलेला प्रश्न विचारला जातो : शिक्षक होणार की स्पर्धा परीक्षा देणार? प्रश्न अगदीच निराधार नाही. अध्यापन हा या विषयाचा जुना मार्ग आहे आणि नागरी सेवा परीक्षेत भूगोल वैकल्पिक विषय म्हणून तर आहेच, शिवाय सामान्य अध्ययनातही त्याला जागा आहे. मात्र अलीकडच्या काळात देशातील नकाशांची व्यवस्थाच बदलली असून, त्या बदलाची दखल ना पालकांनी पुरेशी घेतली आहे, ना बहुतेक महाविद्यालयांनी.

15 फेब्रुवारी 2021 रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने भूस्थानिक माहितीविषयक नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तोवर तपशीलवार नकाशा करायचा म्हणजे परवानग्यांची मालिकाच असे. भारतीय संस्था व कंपन्यांपुरती ती अट दूर होऊन स्वयंप्रमाणन पुरेसे ठरले. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. त्याआधी, 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊ लागली होती. जुलै 2025 मध्ये भारत व अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह अवकाशात गेला. जमिनीची काही मिलिमीटर हालचालही टिपण्याची त्याची क्षमता आहे.

नकाशे आणि प्रतिमा अशा वेगाने वाढत असताना त्यांचा अर्थ लावणार कोण, हा खरा प्रश्न आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, हे राज्य सरकारनेच नंतर सांगितले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण देशातील 4 लाख चौरस किलोमीटरहून अधिक डोंगराळ प्रदेशाचे दरडप्रवणता नकाशे 1:50,000 या प्रमाणावर तयार करीत आले आहे. या प्रमाणावर नकाशावरील 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील 500 मीटर. एखादी वाडी काही मिलिमीटरांतच मावते. त्यापुढचे काम नकाशा हाती घेऊन डोंगरावर जाणाऱ्याचे. उताराचा कोन, मातीचा थर, पाण्याच्या वाटा, झाडतोड, नव्या रस्त्यासाठी कापलेली कड आणि वस्ती तिथेच का वसली याचा इतिहास, हे सारे एकत्र पाहावे लागते. भूविज्ञान यातील खडक सांगेल आणि समाजशास्त्र माणसे. दोहोंची सांगड घालण्याचे शिक्षण भूगोलाच्या वर्गात मिळते, निदान मिळायला हवे.

प्रत्यक्षात हे नवे काम मोठ्या प्रमाणावर अभियंत्यांकडे जाताना दिसते. ‘गेट’ परीक्षेत 2022 पासून जिओमॅटिक्स अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. कला शाखेच्या पदवीधरालाही ‘गेट’ देता येते. पण तीन वर्षे नकाशे हाताने रंगवून बाहेर पडलेल्याचा तिथे निभाव लागणे कठीण. म्हणून महाविद्यालय निवडताना त्याच्या नावापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात : भौगोलिक माहिती प्रणालीची (जीआयएस) प्रयोगशाळा चालू आहे का, सांख्यिकी नीट शिकवली जाते का आणि क्षेत्रभेट म्हणजे सहल नाही ना. तिसरा प्रश्न जरा आगाऊ वाटला तरी विचारावाच. साधनांची सबब आता फारशी टिकत नाही. ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवते.

याची दुसरी बाजूही आहे. केवळ सॉफ्टवेअर शिकलेल्याच्या वाट्याला बहुधा प्रतिमेवरील रस्ते आणि इमारती गिरवण्याचे काम येते. ते यंत्रे झपाट्याने आत्मसात करीत आहेत. तेवढ्याच बळावर कारकीर्द उभारणे धोक्याचे.

मागणीचा मोठा भाग सरकारकडूनच यायला हवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते आणि त्याला आवश्यक ते अधिकारी व सल्लागार राज्य सरकारने पुरवावेत, अशी तरतूद आहे. त्या सल्लागारांत भूगोलाचा पदवीधर असावा, असे कायदा म्हणत नाही. नसावा, असेही म्हणत नाही. निर्णय राज्यांच्या हाती आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.