हेडसेट घ्या, पण रॅम्पच्या जागी नको



यूकेमधल्या ज्या आईबाबांचं मूल व्हीलचेअर वापरतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनीही वाचा, शेवटी तुमच्याकडेच येणार आहे.

सध्या एक टूम निघालीय. अशा मुलाला वाढदिवसाला व्हीआर हेडसेट द्यायचा. जंगल, समुद्र, पक्षी, सगळं बसल्या जागी. "किती शांत होतो माहितीये!" होतो, मान्य. एक्सेटर विद्यापीठाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कंटाळलेल्या लोकांना समुद्राखालची प्रवाळं दाखवली, काहींना हेडसेटमधून, काहींना साध्या टीव्हीवर. कंटाळा सगळ्यांचाच कमी झाला, टीव्हीवाल्यांचासुद्धा! हेडसेटमधल्या कॉम्प्युटरने रचलेल्या दृश्यांनी मन जास्त प्रसन्न झालं, हेही खरं. ऑपरेशननंतर महिनाभर पलंगावर असलेल्या मुलाला हेडसेट दिलात तर माझं काहीच म्हणणं नाही.

माझं भांडण आहे ते त्यानंतर येणाऱ्या वाक्याशी. "त्याला हेडसेट आहे ना, मग सहलीला नेऊन कशाला त्रास?" त्रास कुणाला हो? मुलाला, की डिकीत खुर्ची चढवणाऱ्या आपल्याला? बरेचदा मूल चिडचिडं होतं ते घरात बसून बसून. त्यावर उपाय म्हणून आपण त्याच्या डोळ्यांपुढे आणखी एक भिंत उभी करतो, फक्त तिच्यावर झाडं रंगवलेली असतात. त्या झाडांना वास नाही, वारा नाही, आणि शेजारी चालणारं कुणी नाही. शिवाय डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही, म्हणून काही मुलांना चक्कर आणि मळमळ होते ती वेगळीच.

आता हिशेब, कारण सीए बाईला त्याशिवाय राहवत नाही. घरातून मागच्या बागेत उतरायला दोन पायऱ्या आहेत म्हणून मूल बागेत जात नाही, अशी किती घरं आहेत आपल्यात? इंग्लंडमध्ये कौन्सिलकडून डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट मिळते, ३०,००० पौंडांपर्यंत. २००८ पासून बागेत जाण्यायेण्याची सोय त्यात स्पष्टपणे धरलेली आहे. आणि हे नीट वाचा: १८ वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज असेल तर आईबापांचा पगार बघत नाहीत. "आपल्याला कुठलं मिळतंय, आपण दोघं कमावते" म्हणून अर्जच न करणारे आपल्यात ढिगाने आहेत. काम मंजुरीआधी सुरू करू नका, नाहीतर पैसे हातचे जातील. व्हिसावर सरकारी निधी न घेण्याची अट असेल तर आधी चौकशी करा. आणखी एक गंमत. अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या व्हीलचेअरवर व्हॅट शून्य, हेडसेटवर पूर्ण २० टक्के. कुठली वस्तू गरजेची आणि कुठली सर्वसाधारण, हे कर खात्याला कळतं!

आणि बाहेर नेण्याजोग्या जागा नाहीत असंही नाही. लेक डिस्ट्रिक्टमध्ये 'माइल्स विदाउट स्टाइल्स' नावाने खास वाटा आखलेल्या आहेत, ज्यांत कुंपण ओलांडायच्या पायऱ्या नाहीत. केझिकजवळ डरवेंटवॉटरच्या काठाने फ्रायर्स क्रॅगपर्यंत खुर्ची जाते. नॅशनल ट्रस्टच्या बऱ्याच ठिकाणी खडबडीत वाटेवर चालणारी ट्रॅम्पर स्कूटर मिळते, आधी फोन करून ठेवायला लागतो इतकंच.

आता सहल ठरवणाऱ्या मंडळींकडे वळते. दरवर्षी तुम्ही चढाचीच जागा निवडता, आणि मग त्या एका घराला मेसेज टाकता, "जमलं तर या." यंदा जागा नक्की करायच्या आधी त्या आईला फोन करा. वाट कशी आहे, टॉयलेटमध्ये खुर्ची वळते का, पार्किंगपासून किती लांब, हे तिला विचारायला लावू नका, तुम्हीच शोधून तिला सांगा.