चषक नको, हंगाम द्या

गावाकडच्या खेळाला पैसा मिळत नाही, हे गाऱ्हाणे अर्धेच खरे आहे. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत इनाम लावणाऱ्याचे नाव पुकारले जाते आणि इनाम लावणारे सहसा कमी पडत नाहीत. कबड्डीचेही तेच. अमुक चषक, तमुक चषक, मैदान झाकून टाकणारे फलक आणि रात्री उशिरा बक्षीस वितरण. पैसा येतो, पण एका रात्रीपुरता, आणि तोही जिंकणाऱ्यालाच. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावातल्या पोरांनी कबड्डीचा संघ बांधायचा म्हटला, तर त्यांना लागणारा पैसा नेमका उलट असतो. थोडा चालेल, पण तो वर्षभर हवा आणि हरल्यावरही हवा.

रग्बी लीग हा खेळ जन्मला तोच या प्रश्नातून. उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींत राबणाऱ्या खेळाडूंचा सामन्यापायी रोज बुडे. त्याची भरपाई द्यावी, हा प्रस्ताव १८९३ मध्ये रग्बी संघटनेच्या लंडनच्या बैठकीत फेटाळला गेला. खेळ हौसेखातर खेळावा, असे पोट भरलेल्यांचे म्हणणे पडले. ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात यॉर्कशायर-लँकेशायरकडच्या वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि बुडालेल्या रोजापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत देण्याची मुभा दिली. नंदुरबारमध्येही गाठ रोजाशीच आहे. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, त्यांच्याबरोबर संघातला चढाईपटूही जातो. त्याला थांबवायला बक्षिसाची ढाल कामाची नाही.

हा पैसा जवळच्या बाजारपेठेतूनच यायला हवा. पण व्यापाऱ्याने हंगामभर पैसे का मोजावेत? प्रश्न रास्त आहे, आणि धर्मादाय म्हणून मोजा, हे त्याचे उत्तर नव्हे. मिरचीचा व्यापारी, कृषी सेवा केंद्र, ट्रॅक्टरचा विक्रेता यांचे गिऱ्हाईक मैदानाच्या कडेलाच उभे असते. एका रात्रीचा फलक दुसऱ्या दिवशी उतरतो. बनियनवरचे नाव प्रत्येक सामन्यात दिसते. मात्र त्यासाठी संघाने आधी विकण्याजोगे काहीतरी उभे करायला हवे. ठरलेला वार, ठरलेले मैदान, हंगामाआधी छापलेले वेळापत्रक, खेळाडूंची नावे-गावे, मोबाइलवर फिरतील अशा चढायांच्या चित्रफिती, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेला जमाखर्च. आपले बहुतेक संघ स्पर्धेच्या आदल्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन बाजारात फिरतात. त्यांना वर्गणी मिळते, प्रायोजक मिळत नाही. प्रो कबड्डीच्या झगमगाटापुढे गावचा संघ कोण पाहणार, हा आक्षेप मला तितकासा पटत नाही. २०१४ पासून त्या लीगने कबड्डीचा प्रेक्षक फुकटात तयार करून दिला आहे. पुणेरी पलटण तो टीव्हीवर पाहील; शेजारच्या गावाला पाडायला मात्र मैदानावरच येईल.

दुसरा आक्षेप असा, की कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी असताना दुकानदाराच्या दारात जायचे कशाला? त्यात नंदुरबार केंद्राच्या यादीतला आकांक्षित, म्हणजे मागास जिल्हा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला जागा आहे, हे खरे. पण जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार, मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरले जात नाही. म्हणजे शिबिराला निधी मिळू शकतो, बनियनवर नाव छापण्याला नाही. आणि नोंदणी नसलेल्या मंडळाच्या हाती तो निधी येणेही अवघड. म्हणून नोंदणी आधी, पण बाजारपेठ सोडायची नाही.

राहिला पुढाऱ्यांचा प्रश्न. त्यांचा पैसा घ्यायला हरकत नाही, संघाचे नाव मात्र त्यांना देऊ नये. कोणाही एका देणगीदाराचा वाटा चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ दिला नाही, तर निवडणुकीनंतर एखाद्याने हात आखडला तरी पुढच्या सामन्याचे गाडीभाडे अडत नाही.