भुकेचे नाव दाखल्यावर का नाही?



1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कोवळी पोरे दगावली. मेळघाटातले बालमृत्यूही त्याच दशकात गाजले. तेव्हापासून सरकारी उत्तर ठरलेले आहे : पोरे भुकेने मेली नाहीत, आजाराने मेली. कोणाला न्यूमोनिया, कोणाला हगवण. कागद साफ, साहेब मोकळे!

आम्ही म्हणतो, हे उत्तर शास्त्राला धरून नाही.

अंगात शिरलेल्या जंतूंशी लढतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. शरीराचे राखणदारच ते. त्यांतली एक महत्त्वाची जात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होते. पोटाला अन्न नसले की ही ग्रंथीच आक्रसते. प्रथिने, जस्त, अ जीवनसत्त्व तुटले की राखणदार घटतात आणि उरलेल्यांच्या हातात बळ राहत नाही. आतड्याचे अस्तर विरते. कुंपण मोडावे तसे जंतूंचे विष रक्तात झिरपते. मग शरीर आतल्या आत धुमसत राहते. मिळालेला घासही त्या धगीत खर्ची पडतो, पोराचे वजन वाढत नाही. आणि खरा हल्ला होतो तेव्हा ताप चढतोच असे नाही. कधी उलट अंग गार पडते. ताप नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि पोर हातचे जाते.

तेव्हा न्यूमोनियाने दार ठोठावले हे खरे. पण कडी आधीच भुकेने काढून ठेवली होती. पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे कुपोषणाचा हात असतो, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

उपाय काय? झारखंडच्या 4 जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरच्यांना दरमहा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 साली निष्कर्ष छापून आला : त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी! नवी लस नाही, नवे औषध नाही. ताटात डाळ पडली, एवढेच.

आता आपल्याकडे पाहा. 2017 साली तुरीचा हमीभाव 5,050 रुपये क्विंटल. बाजारात भाव त्याखाली, आणि खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा. त्याच महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील दर 4 मुलांत 1 मूल रोडावलेले निघाले. पिकवणाऱ्याच्या तुरीला दाम नाही आणि पोराच्या ताटात वरण नाही. हा निसर्गाचा कोप नाही, धोरणाचा आहे.

आमच्या मागण्या सरळ आहेत :

1. बालमृत्यूच्या नोंदीत आजारासोबत मुलाचे वजन, उंची आणि दंडघेर लिहा.

2. अंगणवाडीसाठी आणि रेशनसाठी पुरेशी डाळ द्या, ती त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्या.

3. क्षयरोग्याच्या साऱ्या कुटुंबाला धान्य-डाळ हक्काने द्या.

ही दया नव्हे. शेतकऱ्याचे दाम आणि लेकराचा घास एकाच पोत्यात आहेत. जिल्हा मेळाव्याला येताना आपल्या गावच्या अंगणवाडीत किती पोरे वजनाला कमी आहेत, तो आकडा विचारून या. त्या आकड्यांचा जाब आपण मिळून मागू.