आखातातला आपला रुपया

दुबईत राहतो आणि जुन्या नोटा जमवायचा नाद आहे. माझ्या संग्रहातली आवडती नोट म्हणजे लाल रंगाची दहा रुपयांची. छापली नाशिकला, पण भारतात चालायची नाही! क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असलेल्या या नोटा १९५९ मध्ये फक्त आखातासाठी काढल्या. तोवर इथे साधा भारतीय रुपयाच चाले. पण त्याच रुपयांच्या जोरावर सोनं चोरून भारतात जाई आणि देशाचं परकीय चलन आटे. त्यावर हा उपाय.

मग हा रुपया गेला कसा? कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. जून १९६६ मध्ये दिल्लीने अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला.

जुलै २०२३ मध्ये भारत आणि अमिरातीने रुपया-दिरहममध्ये व्यवहार करण्याचा सामंजस्य करार केला. चांगलंच झालं. पण इथल्या व्यापाऱ्याने रुपये जवळ ठेवावेत असं वाटत असेल, तर उद्याही त्यांची किंमत टिकेल ही खात्री त्याला हवी. नोटा नाशिकला हव्या तेवढ्या छापता येतील. भरवसा मात्र वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. १९६६ चा हा धडा दिल्लीने विसरू नये.